न्यूयॉर्क राज्य: डिप्लोमावर गणित-विज्ञानाचा 'मास्टरी' शेरा कसा मिळतो?

सिराक्यूजला_नवा
नमस्कार मंडळी. जूनमध्ये नाशिकहून सिराक्यूजला आलो. मुलाची तिकडे आठवी झाली होती, इथे नववीत बसलाय. परवा शाळेतल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं की हायस्कूलच्या डिप्लोमावर 'मास्टरी इन मॅथेमॅटिक्स' आणि 'मास्टरी इन सायन्स' असे शेरे मिळू शकतात, ८५ च्या वर गुण हवेत. कशात ८५, ते भरभर बोलण्यात निसटलं. पोराला गणित आवडतं. आत्तापासून काय बघायचं? आणि कॉलेजला याचा उपयोग होतो का?

कोल्हापुरी_मिसळ
माहिती शून्य, पण राहवलं नाही. भाचा अमेरिकेत बारावी झाला, 'डिप्लोमा मिळाला' असं बहिणीनं कळवलं. आमच्या आई म्हणाल्या, "छान, आता इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयरला बसेल."

रोचेस्टरची_ताई
मिसळ 😄 आमच्या सासूबाईंचंही अगदी हेच झालं होतं.

दादा, माझी दोन मुलं यातून गेली. थोरल्याला शेरा मिळाला नाही, धाकटीला मिळाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

८५ हवेत ते राज्याच्या रीजंट्स परीक्षांत. गणिताच्या तीन आहेत: अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू. तिन्हींत ८५ किंवा वर मिळाले तर गणिताचा शेरा. एकही घसरून चालत नाही. विज्ञानात जीवशास्त्र, भूशास्त्र, रसायन आणि भौतिक यांपैकी कुठल्याही तीन, म्हणजे एक सांडली तरी निभावतं. वर्गातले मार्क यात धरत नाहीत. आणि हे ८५ म्हणजे आपले ८५ टक्के नव्हेत. कच्चे गुण त्या त्या पेपरच्या तक्त्यावरून बदलून घेतात, त्यामुळे घरी बेरीज करत बसू नका.

पण हा शेरा साध्या रीजंट्स डिप्लोमावर येतच नाही, 'ॲडव्हान्स्ड डेसिग्नेशन'वाला, म्हणजे वरच्या दर्जाचा डिप्लोमा लागतो. आमचं घोडं तिथेच पेंड खात होतं. थोरल्याला गणितात ९३, ८८, ९१. दहावीनंतर त्याने स्पॅनिश सोडली, कारण बाई खडूस आणि त्याच तासाला कॉम्प्युटर होता. मी मुकाट सही केली. बारावीत कळलं की ॲडव्हान्स्डसाठी परभाषेची तीन क्रेडिट्स (वर्षभराच्या वर्गाचं एक) आणि तिची परीक्षाही लागते. गणिताचा शेरा गेला तो स्पॅनिशपायी! तोवर शाळेतून कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. तेव्हा आधी मुलाचं भाषेचं वेळापत्रक काढून बघा, गणित नंतर.

धाकटीची गंमत वेगळी. आठवीतच भूशास्त्राची रीजंट्स दिली, ७९. जीवशास्त्रात ९१. अकरावीत रसायनात ८४! एका गुणासाठी पेपर पुन्हा तपासून द्या म्हणावं, तर तशी सोय नाही. पण परीक्षा पुन्हा देता येते आणि जास्तीचे गुण धरतात. रसायन ऑगस्टमध्ये होतं. मग त्या वर्षीची भारतवारी दोन आठवड्यांनी आखडली, पुण्यात मामाकडे आंबे संपायच्या आत पोरीला रसायनातली मोलची गणितं सोडवायला बसवलं, आणि ऑगस्टात ८९ आले. पुढे भौतिकात ८६.

विज्ञानात अजून एक मेख आहे. परीक्षेला बसण्याआधी १२०० मिनिटांचे प्रयोग आणि त्यांचे अहवाल पूर्ण लागतात. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री मैत्रिणीचं जर्नल उतरवायचो, तसलं इथे खपत नाही. डिसेंबरात लग्नासाठी महिनाभर भारतात जाणार असाल तर बुडालेले प्रयोग कधी भरून काढायचे ते जायच्या आधीच सरांना विचारा.

कॉलेजचं म्हणाल तर अर्ज साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत जातात. भौतिकची रीजंट्स बहुतेकांची बारावीच्या जूनमध्ये, डिप्लोमा हातात येतो जूनच्या शेवटी. शेरा छापून येईस्तोवर कॉलेजचं डिपॉझिट भरून झालेलं असतं. कॉलेजवाले आधीची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शाळेचं गुणपत्रक बघतात, त्यात कोणते विषय घेतले ते बघतात. धाकटीचा डिप्लोमा फ्रेम करून लावलाय, तो माझ्या हौसेखातर.

सिराक्यूजला_नवा
ताई, फार आभार. दोन शंका. नाशिकला बीजगणित बरंच झालंय, तरी अल्जिब्रा वनच्या वर्गात वर्षभर बसावंच लागेल का? आणि गडबड अशी की त्याने स्पॅनिश घेतलीच नाहीये. त्या तासाला बँड घेतलाय, ट्रम्पेट शिकतोय.

रोचेस्टरची_ताई
परीक्षा द्यावीच लागेल, कारण गुण तिन्ही परीक्षांतलेच हवेत. वर्ग मात्र टळू शकतो. रीजंट्समध्ये ८५ मिळाले आणि शाळेने घेतलेली तोंडी परीक्षा किंवा प्रकल्प पार पडला, तर वर्गात न बसताही क्रेडिट देण्याची नियमात तरतूद आहे. ते शाळेच्या परवानगीवर आहे, म्हणून लेखी ईमेल करा. तिकडचं आठवीचं पुस्तक आणि प्रगतिपुस्तक सोबत न्या. जानेवारीतही ही परीक्षा असते. गणिताला प्रयोगांची भानगड नाही, हे बरं. जाता जाता हेही विचारा की त्याच्या वर्षाला कोणते नियम लागू आहेत. डिप्लोमासाठी रीजंट्सची सक्ती काढण्याच्या दिशेने राज्याची पावलं पडताहेत.

ट्रम्पेट सोडू देऊ नका! भाषेच्या तीन क्रेडिट्सऐवजी कलेची पाच चालतात. बँडचा तास रोज असेल तर चार वर्षांची चार, वर चित्रकला किंवा तसलं एक. परभाषेचं एक क्रेडिट तरीही लागतंच, तेवढी स्पॅनिश पुढच्या वर्षी घाला. घरात आवाज होईल तो सोसा. आमच्याकडे शेजारच्या पोराचा ट्रॉम्बोन आहे, त्याची अजून दोन वर्षं बाकी आहेत.