सीएनसी ऑपरेटर प्रशिक्षण केंद्र: देणगी थांबली की बॅच कशी चालवायची?

उद्यमनगर_केंद्र
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमची सेक्शन 8 (नफा न वाटणारी) कंपनी आहे. 18 ते 25 वयाच्या, दहावी-बारावी झालेल्या किंवा अर्ध्यात सुटलेल्या मुलामुलींना तीन महिन्यांत सीएनसी टर्निंग ऑपरेटर (संगणकावर चालणाऱ्या लेथचा ऑपरेटर) म्हणून तयार करतो. बॅच 20 जणांची. मुलं बहुतेक राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडची. आजवर सगळा खर्च एका कंपनीच्या सीएसआरमधून (समाजकार्यासाठीच्या निधीतून) निघायचा, मार्चनंतर तो बंद होतोय.
तीन प्रश्न आहेत. फी घ्यायची तर मुलांकडून की कारखान्याकडून? संध्याकाळी मशीन रिकामं असतं, त्यावर जॉबवर्क (दुसऱ्याचा माल मजुरीवर करून देणं) घ्यावं का? आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मुलं कामाला लागतात, पण दोन महिन्यांत निम्मी घरी परत. याला काय करायचं?

हिशोबनीस
फीचं ठरवण्याआधी एका मुलामागे खर्च किती, ते काढा. आणि भागाकार प्रवेश घेतलेल्यांनी करू नका, 90 दिवस कामावर टिकलेल्यांनी करा. नमुन्यादाखल आकडे धरतो, तुमचे घालून बघा.

तीन महिन्यांचे: प्रशिक्षक 1,05,000, सहायक 54,000, जागा आणि वीज 75,000. मशीन भाड्याचं असेल तर प्रत्येकाला 30 तास, एका मशीनवर दोघं, म्हणजे 300 तास. तासाला 350 धरले तर 1,05,000. कास्टिंग (ओतीव भाग), इन्सर्ट (कापायची बदलती धार), कूलंट 30,000. सेफ्टी बूट, गॉगल, बसपास 40,000. नोकरी लागल्यावर पाठपुरावा करणारा माणूस 45,000 (हा खर्च बहुतेक केंद्रं लिहीतच नाहीत). बेरीज 4,54,000. वीस जणांवर वाटलं तर 22,700. टिकले चौदा, तर तोच आकडा जवळपास 32,400 होतो. देणगीदाराला हाच सांगा.

आता जमा. मुलाकडून 3,000, तेही हप्त्याने. फुकट ठेवलं की पहिल्या दोन आठवड्यांत गळती जास्त होते, आणि 10,000 मागितले की गरजू घर दारातूनच मागे फिरतं. कारखान्याकडून माणशी 12,000: रुजू होताना 4,000, 90 दिवस पूर्ण झाल्यावर 8,000. करारात स्पष्ट लिहून घ्या की ही रक्कम मुलाच्या पगारातून कापायची नाही, नाहीतर तसंच होतं. चौदा जणांचे 1,68,000 आणि मुलांचे 60,000, मिळून 2,28,000. म्हणजे निम्मं गणित सुटतं. उरलेल्या निम्म्यासाठी देणगी लागणारच. शंभर टक्के स्वावलंबनाच्या गप्पा मारणारा भेटला तर त्याला पाठपुराव्याचा खर्च विचारा.

आणखी एक. फी वसूल व्हावी म्हणून मुलांची मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ते अजिबात करू नका.

शॉपफ्लोअर
जॉबवर्कबद्दल: घ्या, पण बॅचच्या वेळेत नको. पार्टीला माल ठरल्या तारखेला हवा असतो. तारीख जवळ आली की हात बसलेली तीन-चार मुलं मशीनवर उभी राहतात आणि बाकीची सोळा बुर (कडेची कूस) काढत बसतात. शिकवणं तिथंच संपतं. पाच नंतर, पगारी ऑपरेटर ठेवून करा, त्याचा हिशोब वेगळा ठेवा, आणि रिजेक्शन कोणाच्या बोकांडी हे आधी लिहून घ्या. भोक पाडल्यावर आत ब्लोहोल (ओतताना राहिलेली पोकळी) निघालं तर तो फौंड्रीचा दोष. माप गेलं तर तुमचा.

पण मला खरी अडचण अभ्यासक्रमात दिसते. बरीच केंद्रं एमएसच्या (साध्या पोलादाच्या) गोल बारवर शिकवतात, कारण बार सरळ, स्वस्त आणि पकडायला सोपा. कोल्हापुरात काम आहे ते कास्टिंगवर. कास्टिंगची वरची कातडी कडक आणि वाळू धरलेली असते. पहिला कट कातडीच्या खाली गेला नाही तर इन्सर्ट नुसता घासतो आणि धार जाते. पातळ भिंतीचा जॉब (नग) चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, जोरात आवळला की बोअर (आतलं भोक) मशीनवर बरोबर दाखवतो, सोडला की अंडाकार. सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) जॉबच्या मापाला बोअर करणं आणि पकडीचा दाब कमी करणं हे ज्याला येतं, त्याला सेटर (मशीन लावून देणारा) जवळ उभं करतो. फौंड्रीकडून रिजेक्ट माल भंगाराच्या भावानं मिळतो, सरावाला तोच घ्या.

दुसरं, ऑफसेट, म्हणजे धार झिजेल तशी मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती. पहिल्या आठवड्यात हाकलून देतात ते यावरूनच. 30.00 मिमीचा व्यास 30.06 आला. वेअर ऑफसेटमध्ये एक्सला (व्यासाच्या दिशेला) आधीच उणे 0.12 आहे. मुलानं उणे 0.06 टाइप करून ‘प्लस इनपुट’ऐवजी नुसतं ‘इनपुट’ दाबलं, तर जुना आकडा पुसून उणे 0.06 राहतो आणि पुढचा जॉब 30.12 येतो. घाबरून तो परत काहीतरी टाकतो. शिवाय एक्सचा हिशोब व्यासावर असतो. त्रिज्या समजून 0.03 दिलं तर फरक निम्माच निघतो. दशांशाचं टिंब विसरणं हा आणखी मोठा घोळ, काही सेटिंगमध्ये 10 म्हणजे 10 मायक्रॉन धरले जातात. यावर रोज अर्धा तास, सलग दोन आठवडे. जी-कोडची (प्रोग्रॅमच्या भाषेची) पोपटपंची कमी केली तरी चालेल. ऑपरेटरला प्रोग्रॅम लिहायचा नसतो, वाचता यायला हवा.

कळंबा_रोड
मुलं ‘टिकत नाहीत’ असं म्हणण्याआधी पैशाचं कॅलेंडर मांडा. 1 जूनला लागलेल्या मुलाचा पहिला पगार 7 जुलैपर्यंत येतो, म्हणजे पाच आठवडे हात रिकामा. खोलीचं डिपॉझिट, मेसचे पैसे, केएमटी बसचा पास मात्र सगळं आगाऊ. घरून दुसऱ्यांदा पैसे मागायची लाज वाटते, मग ‘काम जमंना’ म्हणून पोरगं गावाकडं. काम त्याला जमत असतं.

उपाय म्हणजे 5,000 पर्यंतचा फिरता निधी. हातात रोख देऊ नका, मेस आणि खोलीवाल्याला थेट द्या. दुसऱ्या पगारापासून तीन हप्त्यांत परतफेड. काही बुडेल, तो खर्चात धरा.

फोन कधी करायचा ते ठरलेलं असावं: पहिला, तिसरा, सातवा दिवस, मग 15, 30, 60, 90. तिसऱ्या दिवसाचा सगळ्यात महत्त्वाचा. आठ तास उभं राहून पाय सुजलेले असतात, शिव्या खाल्लेल्या असतात. फोन त्याला शिकवलेल्या माणसानंच करावा, ऑफिसातून गेलेला फोन उचलत नाहीत. त्याच दिवशी सुपरवायझरलाही करा. दोघांच्या सांगण्यातला फरक बरंच काही सांगतो.

बॅच जूनमध्ये सुरू करू नका. जुलैत भाताची रोपलावण, राधानगरी-शाहूवाडीकडची निम्मी हजेरी तिथंच जाते. पुढं गणपती. दिवाळी झाली की लगेच सुरू करा, उसाची तोड असलेल्या घरांशी मात्र आधी बोलून घ्या. आणि दुसऱ्या आठवड्यात आईवडिलांना एकदा शॉप दाखवा. रात्रपाळी काय असते हे त्यांनाही कळू दे, मुलींच्या बाबतीत तर नक्कीच.

उद्यमनगर_केंद्र
सगळ्यांचे आभार. फिरत्या निधीचं लगेच करतो. हिशोबनीस, 12,000 ऐकून कारखानदार उठून जाईल हो! त्याला काय सांगू?

हिशोबनीस
30 किंवा जास्त माणसं असतील तर ॲप्रेंटिस कायद्यानुसार 2.5 ते 15 टक्के ॲप्रेंटिस घेणं त्याला बंधनकारक आहे, आणि या मोजणीत कंत्राटी माणसंही येतात. ती भरती, पोर्टलवरचा करार, कागदपत्रं तुम्ही करून देता, हे सांगा. राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाच्या 25 टक्के, महिना जास्तीत जास्त 1,500, सरकार थेट ॲप्रेंटिसच्या खात्यात भरतं. 4 ते 29 माणसांच्या शॉपला सक्ती नाही, पण घेता येतात. प्रवेशाच्या दिवशीच आधार, दहावीचा दाखला आणि बँक खातं यांवरचं नाव जुळवून घ्या. एका अक्षरासाठी करार अडकतो. एकेकट्या मालकाच्या मागं लागण्यापेक्षा स्मॅक, गोशिमा या उद्योजक संघटनांच्या बैठकीत वीस मिनिटं मागून घ्या.

आणि ही फी सेवेचं बिल म्हणून घ्या, देणगी म्हणून नको. देणगीच्या बदल्यात माणसं पुरवायचं ठरलं की ती देणगी राहत नाही. सेवेची उलाढाल 20 लाखांपुढं गेली की जीएसटी नोंदणी, त्यात जॉबवर्कही धरायचं. नवा सीएसआर देणगीदार शोधताना सीएसआर-1 नोंदणी (सीएसआर निधी घेण्यासाठीची), 12ए, 80जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा एका फाइलमध्ये तयार ठेवा.

शॉपफ्लोअर
मालकाला आकडा सांगण्याआधी चार मुलं आठ दिवस त्याच्या शॉपवर पाठवा, त्याच्याच कास्टिंगवर. सेटरनं ‘ही पोरं ठेवा’ म्हटलं की 12,000 वर घासाघीस होते ती हजार-दोन हजाराची.