अमेरिकन प्लेजमधलं 'अंडर गॉड' आणि नोटेवरचा देव, असावा की नसावा?

टेकडीवरचा (न्यू जर्सी):
मंडळी, इथे शाळेत रोज सकाळी झेंड्याकडे तोंड करून, छातीवर हात ठेवून प्लेज ऑफ अलिजियन्स (देशनिष्ठेची प्रतिज्ञा) म्हणतात, त्यात 'वन नेशन अंडर गॉड' (देवाच्या छत्राखालचं एक राष्ट्र) असं येतं. लेक तिसरीत आहे. परवा तिने जाहीर केलं की मी ते दोन शब्द गाळणार, कारण बाबा देव मानत नाही. बायको देव मानते, तिचं म्हणणं कशाला नसत्या भानगडी, दोन शब्दांनी काय बिघडतं. मला खरंच पेच पडलाय. सरकारने शाळकरी पोरांकडून रोज देवाचं नाव वदवून घ्यावं का? आणि डॉलरवर पण 'इन गॉड वुई ट्रस्ट' आहेच की, मग सेक्युलर म्हणजे नक्की काय? इथली बरीच मंडळी अमेरिकेत आहेत म्हणून विचारतोय, आणि भारतातल्यांनी पण बोला.

खवचट_काका:
तुमची लेक हुशार आहे, कारण ते दोन शब्द मूळ प्लेजमध्ये नव्हतेच. १८९२ साली फ्रान्सिस बेलामी नावाच्या माणसाने ती लिहिली, कोलंबसला ४०० वर्षं झाली म्हणून, एका मासिकासाठी, आणि ते मासिक शाळांना झेंडे पण विकायचं (धंदा कोणाला चुकलाय!). गंमत म्हणजे बेलामी स्वतः बाप्टिस्ट पाद्री, तरी देवाचं नाव कुठे घातलं नाही. तेव्हा पोरं झेंड्याकडे हात लांब करून सॅल्यूट करायची, पुढे हिटलरवाले तसाच हात करायला लागले म्हणून १९४२ मध्ये तो छातीवर आला. 'अंडर गॉड' घुसलं १९५४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या काळात, कम्युनिस्ट लोक नास्तिक मग आपण कोण हे दाखवायला. शाळेत याला परंपरा म्हणतात, पण ही परंपरा आमच्या थोरल्या बहिणीपेक्षा लहान आहे.

नाणेवेडा:
नोटांचं मी सांगतो, तो माझा प्रांत. ती ओळ पहिल्यांदा आली १८६४ च्या दोन सेंटच्या तांब्याच्या नाण्यावर, ढालीच्या वर एक फीत आहे तिच्यावर. यादवी युद्ध पेटलेलं, पेनसिल्व्हेनियाच्या एका पाद्र्याने अर्थमंत्री चेसना पत्र लिहिलं की नाण्यावर देवाचं नाव हवं, तिथून सुरुवात. कागदी नोटेवर मात्र १९५७ पर्यंत काही नव्हतं. १९३५ सिरीजची जुनी एक डॉलरची नोट कुठे मिळाली तर उलटी करून बघा, मधे मोठं 'वन' आहे त्याच्या वरची जागा बहुतेक नोटांवर मोकळी दिसेल. आता सगळ्यात भारी किस्सा: १९०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने नवीन सोन्याच्या नाण्यांवरून ही ओळ काढून टाकली होती, आणि तो काही नास्तिक नव्हता, त्याचं म्हणणं असं की पैशावर देवाचं नाव घालणं हा देवाचाच अपमान आहे. लोक खवळले, अमेरिकन काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) १९०८ मध्ये ओळ परत आणली.

पेठेतली_ताई:
अहो पण एवढं काय त्यात? बहुतेक लोक श्रद्धाळू आहेत, देवाचं नाव घेतलं तर बिघडलं कुठे. इंडोनेशिया मुस्लिमबहुल देश, त्यांच्या वीस हजार रुपियाच्या नोटेवर एके काळी गणपती होता. २०२२ मध्ये केजरीवालांनी लक्ष्मी-गणपती नोटेवर घाला म्हटलं तेव्हा हेच उदाहरण दिलं होतं. आणि आपल्या नोटा तरी बघा ना, वीसवर वेरूळ, दहावर कोणार्क, दोनशेवर सांचीचा स्तूप. आपल्याला कधी खटकलं का?

काळा_कोट:
ताई, वेरूळ नोटेवर आहे ते वारसा म्हणून, आणि तिथे नोट वापरणाऱ्याला काही बोलावं लागत नाही. प्लेज तोंडाने म्हणायची असते, मोठा फरक आहे. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या आपल्या नाण्यावरून पण दिल्ली हायकोर्टात याचिका झाली होती, २०१८ मध्ये फेटाळली.

धागाकर्ते, तुमच्या लेकीचा प्रश्न अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९४३ मध्येच सोडवलाय. वेस्ट व्हर्जिनिया विरुद्ध बार्नेट. जेहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाची मुलं झेंड्याला सॅल्यूट करत नव्हती, कोर्ट म्हणालं सक्ती करता येणार नाही. म्हणजे दोन शब्द काय, तिने अख्खी प्लेज गाळली तरी शाळा काही करू शकत नाही. आपल्याकडे याच पंथाच्या केरळमधल्या तीन मुलांची १९८६ ची केस, ती राष्ट्रगीताला उभी राहायची पण गायची नाहीत, आपल्या सुप्रीम कोर्टाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. आणि नाशिकचे एक शिक्षक शाळेच्या प्रार्थनेला हात जोडत नव्हते म्हणून त्यांची वेतनश्रेणी अडवली होती, २०१३ मध्ये मुंबई हायकोर्ट त्यांच्या बाजूने उभं राहिलं.

शब्द काढून टाकायचे का, हा वेगळा प्रश्न, तिथे मात्र कोर्टं कच खातात. कॅलिफोर्नियात मायकल न्यूडाऊ नावाच्या बापाने मुलीच्या शाळेवरून केस लढवली, खालच्या कोर्टात जिंकला, सुप्रीम कोर्टाने १४ जून २००४ ला सांगितलं की मुलीच्या बाबतीत शेवटचा शब्द कायद्याने आईचा आहे, तुम्हाला दाद मागायचा अधिकारच नाही. आई श्रद्धाळू, तिची काही तक्रार नव्हती. (तेव्हा टेकडीवरचे, आधी घरी एकमत करा 😄) आणि 'अंडर गॉड'चा कायदा झाला तो १४ जून १९५४, बरोब्बर पन्नास वर्षं! तुमच्या न्यू जर्सीच्या कोर्टाने पण २०१५ मध्ये अशीच एक केस काढून टाकली.

मला खुपतं ते दुसरंच. या शब्दांचा बचाव कसा करतात माहितीये? म्हणे रोज म्हणून म्हणून त्यातलं धार्मिकपण झिजून गेलंय, आता ती नुसती औपचारिकता. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे जस्टिस ब्रेनन, त्यांनी १९८४ मध्ये जवळपास असंच लिहिलंय. म्हणजे देवाचं नाव टिकवायचं तर त्यात देव उरलेला नाही असं कोर्टात मान्य करायचं! मी रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणतो, मला हे नास्तिकापेक्षा जास्त लागतं. रूझवेल्टला कळलं होतं ते.

खवचट_काका:
+१. अवांतर: आपली 'भारत माझा देश आहे' बघा, शाळेत रोज घोकली, देवाचा पत्ता नाही आणि कोणाचं अडलं पण नाही.

काळा_कोट:
काका, आपल्याकडे पण घालायचा प्रयत्न झाला होता. १७ ऑक्टोबर १९४९, संविधान सभेत एच. व्ही. कामत म्हणाले उद्देशिका 'ईश्वराच्या नावाने' सुरू करा. लगेच आसामचे रोहिणी कुमार चौधरी उठले, मग देवीच्या नावाने का नको! मतदान झालं, ४१ विरुद्ध ६८, कामत हरले. मंत्र्यांच्या शपथेत मात्र दोन्ही वाटा ठेवल्यात, ईश्वरसाक्ष म्हणा नाहीतर गांभीर्यपूर्वक म्हणा, ज्याची त्याची मर्जी. मला ही सोय अमेरिकनांपेक्षा शहाणी वाटते.

पेठेतली_ताई:
बरं सक्ती नको हे मान्य. पण असलेलं उगाच काढा कशाला, त्यावरून नवीन भांडणं होतील. मी तरी म्हणेन राहू द्या.

टेकडीवरचा:
सगळ्यांचे आभार, बार्नेटचं माहीतच नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली गाळू दे, पण न्यूडाऊची गोष्ट तिला जरा जास्तच आवडली आहे. नाणेवेडा, ती १९३५ ची नोट साधारण केवढ्याला पडते?

नाणेवेडा:
वापरलेली असेल तर फार महाग नाही, व्यनि (खासगी निरोप) करतो.