शरीरसौष्ठवपटूच्या फोटोत स्पोर्ट्स कार हवीच कशाला?

तालीमवाला
मोकळं मैदान, लाल स्पोर्ट्स कार, वर उचललेलं दार आणि बॉनेटला टेकलेला उघड्या अंगाचा बॉडीबिल्डर. अशा फोटोशूटची सध्या चलती आहे आणि मला ते मनापासून खटकतं. शरीर उसनं आणता येत नाही, वारशात मिळत नाही. गाडी तासाभरासाठी भाड्याने मिळते. दोन्ही एका चौकटीत आली की बघणाऱ्या पोरांना दंडामागची वर्षानुवर्षांची मेहनत दिसतच नाही, गाडी तेवढी दिसते. आधुनिक बॉडीबिल्डिंगचा जनक मानला जाणाऱ्या यूजेन सँडोचे १८९०च्या दशकातले फोटो पाहा. मागे साधा पडदा, फार तर एखादा खांब. नजर शरीरावरून हलत नाही.

भिंगवाला
सँडोचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. पुतळ्यासारखं दिसावं म्हणून तो अंगाला पांढरी पावडर फासायचा, बिबट्याचं कातडं गुंडाळून उभा राहायचा. तोही देखावाच होता, फक्त त्या काळाच्या आवडीचा.

मी माणसांचे आणि गाड्यांचे, दोन्ही फोटो काढतो. गाडी चित्रात काम करते. लॅम्बोर्गिनी काउंटाशची उंची जेमतेम १०७ सेंटीमीटर. तिच्याजवळ माणूस उभा राहिला की कमरेच्या वरचं सगळं मोकळ्या आकाशावर येतं, आणि त्या लांब आडव्या रेषेमुळे खांद्यांची रुंदी, पाठीचा व्ही आकार उठून दिसतो. सूर्य खाली उतरलेला असताना उजेड बाजूने घ्या, स्नायूंच्या प्रत्येक खाचेत सावली बसते. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, चेहरा वाया जातो. वाइड लेन्सने जवळून काढलं तर गाडीचं नाक फुगतं आणि माणूस बारका दिसतो. मागे सरून ८५ मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्स लावा.

तालीमवाला
हे सगळं एखादी बुटकी भिंतही करेल. मग गाडीच का? आणि पायांचं काय? मांड्या-पोटऱ्या घडवणं हे या खेळातलं जिवावरचं काम. गाडीच्या पलीकडे उभं केलंत की ते सगळं झाकलं जातं. टेकून उभा राहिलेला माणूस साइड चेस्टची (बाजूने उभं राहून छाती दाखवायची) पोझही धड देऊ शकत नाही, एक खांदा ढिला पडतोच.

भिंगवाला
मग अलीकडे उभं करा. आणि भिंत उजेड अशी परत फेकत नाही! पांढऱ्या बॉनेटवरून पोटाच्या स्नायूंवर खालून चढणारा उजेड एकदा बघा. (लाल गाडी मात्र त्वचेवर लाल झाक टाकते, ती नंतर काढताना जीव जातो.)

गाडीमालक
बॉनेटवर बसू नका, एवढंच. पत्रा बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा असतो, शंभर किलोच्या माणसाखाली दबतो. उन्हात तापला तर कातडीही भाजते. अंग सावळं दिसावं म्हणून फासलेला टॅनिंगचा रंग सीटला लागला की निघत नाही.

स्टेजमागची
मी स्पर्धकांची तयारी करून घेते. "शरीर खरं, गाडी भाड्याची" ही विभागणी मला पटत नाही. फोटोतलं ते शरीरसुद्धा दोन-चार दिवसांचं असतं. चरबी टोकाला उतरवलेली, पाणी तोडलेलं, वर रंग, आणि कॅमेऱ्यापुढे यायच्या आधी पंप, म्हणजे थोडा व्यायाम करून फुगवलेले स्नायू. ते बघून रोज तसंच दिसू पाहणारी मुलं मला भेटतात. गाडीपायी कुणी पाणी सोडत नाही, या दिसण्यापायी सोडतात. बॉडीबिल्डर मोहम्मद बेनाझिझा १९९२ साली नेदरलँड्समधली स्पर्धा जिंकला आणि काही तासांत गेला. शरीरातलं पाणी पार आटलं होतं, हृदय बंद पडलं. अशा अवस्थेतल्या माणसाला उन्हात तापलेल्या गाडीशेजारी तासन्‌तास उभं करणं, यावर कुणीच बोलत नाही. माझा विरोध त्याला आहे. शूट स्पर्धेच्या आसपास नकोच. नीट खाऊन-पिऊन सावरल्यावर करा, स्नायू थोडे भरलेले दिसतील, चालेल.

तालीमवाला
पाण्याचं शंभर टक्के मान्य. तरी माझी मागणी तीच: प्रत्येक शूटमध्ये निदान एक फोटो गाडीशिवाय, पायांसकट, सरळ उभा.

भिंगवाला
तो मी नेहमी काढतो. पण निवडायला बसल्यावर स्वतः खेळाडूच गाडीचा उचलतात, आणि ती निवड त्यांची आहे, तुमची-माझी नाही.