श्रुतिकांच्या कथा करताना

प्रश्न (देवगड): माझ्या दिवंगत वडिलांनी आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रासाठी लिहिलेल्या श्रुतिकांचा (रेडिओ-नाटिकांचा) कथासंग्रह करायचा आहे, पण नुसते संवाद उतरवले की कथा उघडी पडते. काय करावे?

मालवण: श्रुतिकेत समुद्राची गाज ध्वनिसंकेतातून येते, कथेत ती वाक्यातूनच आणावी लागते. ‘दार वाजते’ या सूचनेऐवजी पावसाने फुगलेले दार खांद्याने ढकलावे लागले, असे लिहा. मालवणी संवादांना मात्र कृपया हात लावू नका. श्रुतिकांचा जीव तिथेच आहे.

दापोली: आधी हक्क तपासा. वडील आकाशवाणीत नोकरीत असल्यास, वेगळा करार नसेल तर, १९५७च्या कॉपीराइट कायद्याने प्रथम हक्क सहसा नोकरी देणाऱ्याचा ठरतो.

देवगड: आभारी आहे. ते नोकरीत नव्हते, करारपत्रे शोधतो.