मदत हवी आहे: कुत्रीच्या आजारपणाचा घरगुती तक्ता, अमेरिकी पुस्तकातलं काय ठेवू आणि काय खोडू?

तीन वर्षांची लॅब्रॅडॉर मादी, वजन 28 किलो. प्रथमोपचाराचं एक अमेरिकी पुस्तक घरात आहे. त्यावरून मराठी तक्ता करून फ्रिजवर लावायचाय, म्हणजे आई-बाबा एकटे असले तरी त्यांना कळेल. तीन ठिकाणी अडलंय. ताप कितीपासून धरायचा? विष खाल्लं तर हायड्रोजन पेरॉक्साइड पाजून उलटी काढा असं दिलंय, ते करावं का? आणि गोचीड तापावर जेमतेम चार ओळी आहेत, तिथे काय लिहू?

प्रतिसाद 1
कुत्र्याचं नॉर्मल तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट. हे तक्त्यात सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लिहा. आपल्या डोक्यात 98.6 बसलेलं असतं, म्हणून 101.5 दिसलं की माणसांची तापाची गोळी दिली जाते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, काहीही नाही! 103 च्या वर गेलं तर डॉक्टरांना फोन, 104 ला त्याच दिवशी दवाखाना. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलिन लावून शेपटीखाली इंचभर आत घाला आणि बीप होईपर्यंत धरा. नाकाला हात लावून ताप कळत नाही.

ती धडधाकट असतानाच गाढ झोपेतले श्वास मिनिटभर मोजून तारखेसह लिहून ठेवा. नेहमी 30 च्या आत असणारे श्वास झोपेतही सारखे वर राहू लागले, तर छाती तपासायला हवी.

प्रतिसाद 2
पेरॉक्साइडची ओळ खोडाच. पुस्तकातलं प्रमाण 3 टक्क्यांच्या द्रावणाचं असतं. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बाटलीवर बहुतेक वेळा 6 टक्के किंवा '20 व्हॉल्यूम' (म्हणजे तेवढंच) छापलेलं असतं. तेवढंच पाजलं तर दुप्पट तीव्र जातं आणि जठराचं अस्तर भाजतं. फिनेल, अॅसिड, रॉकेल पोटात गेलं असेल तर उलटी काढणं आणखी घातक.

'दूध पाजा' हा शेजारचा सल्लाही नको. उंदराच्या औषधात झिंक फॉस्फाइड असेल तर जठरातल्या आम्लाशी मिळून त्याचा फॉस्फिन वायू होतो. पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं, पर्यायाने वायूही. कुत्री गाडीत ओकली तर खिडक्या उघडा, तो वायू माणसालाही बाधतो.

प्रतिसाद 3
गोचीड तापाला अर्धं पान द्या, आपल्याकडे ते हवंच. जेवण सोडणं, मरगळ, ताप, पोटावर किंवा हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, नाकातून रक्त, कॉफीसारखी लघवी. यातलं काहीही दिसलं तर प्लेटलेटसह रक्त तपासा. ताप आपोआप उतरला म्हणजे आजार गेला असं नाही, एर्लिकिया हा गोचिडीतून येणारा जंतू महिनोन्‌महिने शरीरात दडून राहतो.

गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका, स्पिरिटमध्ये टाका. फक्त कुत्रीला औषध लावून भागत नाही. मादी गोचीड अंगावरून उतरते, भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे हजारो अंडी घालते. त्या फटी बुजवा.

धागाकर्ता
खूप आभार! उंदराचं औषध कुठलं होतं हे आई-बाबांनी कसं ओळखायचं?

प्रतिसाद 2
ओळखत बसू नये. पाकीट, उरलेला तुकडा पिशवीत घालून कुत्रीसोबत न्यायचा, वास घेऊन पाहायचा नाही. रक्त गोठू न देणारं औषध असेल तर पहिले दोन-तीन दिवस कुत्री अगदी ठणठणीत दिसते, खेळते, जेवते. रक्तस्राव त्यानंतर सुरू होतो. त्यामुळे तक्त्यात 'बरी दिसली तरी लगेच न्या' असं लाल शाईने लिहा.