मदत हवी आहे: शाळेच्या इमारतींसाठी प्रॉपर्टी टॅक्स लेव्ही, 'हो' म्हणण्याआधी हिशोब समजून घ्यायचाय (वॉशिंग्टन राज्य)

नमस्कार मंडळी,

सिअ‍ॅटलच्या पूर्वेकडच्या भागात राहणाऱ्यांनी, आणि अमेरिकेत कुठेही शाळेच्या लेव्हीला (म्हणजे मतदारांनी मंजूर करायच्या ठरावीक मुदतीच्या जादा घरपट्टीला) मत दिलेल्यांनी जरा वेळ काढून वाचाल का?

नागरिकत्व घेतल्यानंतरचं माझं हे पहिलंच बॅलट, म्हणजे टपालाने घरी आलेली मतपत्रिका. फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारपर्यंत ते पोचवायचंय. त्यावर स्कूल डिस्ट्रिक्टचे (इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचे) दोन प्रश्न आहेत. एक जुन्या लेव्हीच्या नूतनीकरणाचा, त्यावरून कुणाचं काही म्हणणं नाही. दुसरा इमारतींच्या डागडुजीसाठी सहा वर्षांच्या नव्या कॅपिटल लेव्हीचा. त्यावरून मात्र आमच्या गल्लीत दोन तट पडलेत.

मी मुलीच्या शाळेत वाचनालयात पुस्तकं लावायला जाते. तिथे चरित्रांच्या कपाटावर छताची एक टाइल फुगून तपकिरी झालीय आणि खाली निळा प्लास्टिकचा टब कायमचा मुक्कामाला आहे. वरच्या दोन फळ्या रिकाम्या करून ती पुस्तकं चाकांच्या गाड्यावर ठेवलीयत. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला की लायब्ररियन बाई आधी टब रिकामा करतात, मगच पहिला वर्ग आत घेतात. हे बघून माझा कौल 'हो' कडेच आहे, ते लपवत नाही.

पण समोरच्या घरात एक आजी एकट्या राहतात. घराची किंमत वाढत गेली, उत्पन्न मात्र पेन्शनचंच राहिलं. त्या मला म्हणाल्या, "माझी मुलं शिकून बाहेर पडली त्यालाही जमाना झाला, तरी मी दर वेळी भरत आले. आता झेपत नाही." त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही, आणि त्यांना काय सांगावं हे मला सुचलं नाही.

मला आतापर्यंत कळलंय ते असं. २०१२ च्या मॅक्लिअरी निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षणाला पुरेसा पैसा देणं हे राज्याचं कर्तव्य आहे आणि राज्य त्यात कमी पडतंय. मला वाटलं होतं त्यात छप्पर-भिंतीही आल्या. पण वकायकम नावाच्या छोट्या ग्रामीण डिस्ट्रिक्टने इमारतींचा खर्च राज्याने उचलावा म्हणून खटला भरला, तेव्हा २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने एकमताने सांगितलं की बांधकामाचा खर्च त्या कर्तव्यात बसत नाही. म्हणजे गळकं छप्पर हा शेवटी गावातल्या घरमालकांचाच प्रश्न. मला हे पटत नाही. सिअ‍ॅटलच्या उपनगरात महागड्या घरांवर थोडासा दर लावला की मोठी रक्कम उभी राहते. लाकूडतोडीवर जगलेल्या गावात तोच दर लावून किती येणार? आपल्याकडे झेडपीच्या शाळेची कौलं फुटली तर निधीसाठी उंबरठे झिजवावे लागतात, ते वाईटच. पण मुलांचं छप्पर गावच्या घरांच्या भावावर ठरावं, हेही बरोबर नाही.

असो, बॅलट आत्ताच्या कायद्याप्रमाणे भरायचंय. माझं अडलंय ते इथे. लेव्हीच्या माहितीपत्रकात घराच्या हजार डॉलर मूल्यांकनामागे अंदाजे दर दिलाय. समजा घराचं मूल्यांकन १० लाख आणि दर ४० सेंट, तर वर्षाला ४०० डॉलर, हे कळलं. पण पुढच्या वर्षी मूल्यांकन वाढलं तर करही तेवढाच वाढणार का? डिस्ट्रिक्टने लेव्ही का निवडली, बॉन्ड (कर्जरोखे) का नाही? हरली तर पुढे काय? आणि आजींसारख्यांसाठी काही सवलत आहे का? मराठी मंडळातल्या ओळखीच्या घरांना मत द्या म्हणून सांगायचंय, पण आधी माझं मला नीट कळू दे.

प्रतिसाद १

ताई, मूल्यांकनाबद्दल बहुतेकांचा हाच गोंधळ होतो. आपण दर मंजूर करत नाही, डॉलरमधली रक्कम मंजूर करतो. दर वर्षी किती गोळा करायचे ते आकडे बॅलटवरच असतात. सगळ्यांचीच मूल्यांकनं वाढली तर दर खाली येतो. तुमचं घर इतरांपेक्षा जास्त वाढलं, तरच तुमचा वाटा वाढतो. नवी घरं झाली की तोच बोजा जास्त जणांत वाटला जातो.

लेव्ही की बॉन्ड, याचं मोठं कारण मतांचं गणित. २००७ च्या घटनादुरुस्तीपासून शाळेच्या लेव्हीला साधं बहुमत पुरतं. बॉन्डला ६० टक्के लागतात, शिवाय किमान मतदानाची अट. लेक वॉशिंग्टन डिस्ट्रिक्टचा २०१८ चा बॉन्ड निम्म्याहून जास्त लोकांनी 'हो' म्हणूनही पडला होता. बॉन्ड म्हणजे कर्ज, त्यावर व्याज. लेव्हीत व्याज नाही, पण पैसा वर्षावर्षाने येतो, म्हणून सगळी छपरं एकदम होत नाहीत. नवी शाळा बांधायला बॉन्ड सोयीचा. छप्पर, बॉयलर यांना माझ्या मते लेव्हीच बरी.

हरली तर एप्रिलच्या चौथ्या मंगळवारी परत आणता येते, पण बारा महिन्यांत दोनच संधी.

प्रतिसाद २

आजींना आजच काउंटी असेसरकडे (घरांचं मूल्यांकन ठरवणाऱ्या जिल्हा कार्यालयाकडे) अर्ज करायला सांगा. वय ६१ पूर्ण, स्वतःच्या घरात राहणं आणि उत्पन्न मर्यादेच्या आत (मर्यादा काउंटीनुसार बदलते), एवढं जुळलं तर मतदारांनी मंजूर केलेल्या अशा लेव्हींतून त्यांना पूर्ण सूट मिळते. आमच्या शेजारच्या काकांना कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. मागच्या काही वर्षांचा परतावाही मागता येतो, तेही विचारा. कागद भरायला त्यांच्या शेजारी बसा, एकट्या माणसाला तो फॉर्म जड जातो.

मंडळातल्यांना दोन गोष्टी सांगा. भाड्याने राहणाऱ्या नागरिकांनाही मत आहे, 'आपलं कुठे घर आहे' म्हणून पाकीट फेकू नका. आणि पाकिटावरची सही नोंदणीच्या सहीशी ताडून बघतात. नोंदणीला इंग्रजीत आणि आता मराठीत केली, तर काउंटीचं पत्र येतं आणि ते निस्तरेपर्यंत मत मोजत नाहीत. शेवटच्या दिवशी टपालात टाकू नका, रात्री आठच्या आत ड्रॉप बॉक्समध्येच टाका.