देवरहाटी कुणाची? मुंबई मंडळाची, निसर्गप्रेमींची की गावाची?

पऱ्याकाठी

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं, सात वाड्यांचं. ग्रामदेवतेचं देऊळ कौलारू, किंजळीच्या खांबांवर उभं आणि भोवती देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं जंगल. मुंबई मंडळाने, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने, चार वर्षं वर्गणी गोळा करून जीर्णोद्धार ठरवला. आरसीसी मंदिर, मोठा सभामंडप, गाड्या लावायला मोकळी जागा. त्यासाठी रहाटीतली ११ झाडं तोडायची आणि लाकूड विकून येतील ते पैसे बांधकामात घालायचे. ठराव झाला परळला, मंडळाच्या वार्षिक सभेत. गावाला कळलं ते झाडांवर चुन्याच्या खुणा दिसल्या तेव्हा.

मग जिल्ह्याच्या गावातली एक निसर्ग संस्था आली. रहाटी फिरून पाहिली, तहसीलदारांकडे आणि वनखात्याकडे अर्ज दिले, काम थांबलं. त्यांनीही गावात एक बैठक घेतली नाही. अर्जाची बातमी आम्ही पेपरात वाचली.

यंदा शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे ती टेकवायच्या चौथऱ्यावर, आली तेव्हा दोन वाड्यांची माणसं लांब उभी राहिली, खांद्याला आली नाहीत. माझ्या ५२ वर्षांत मी हे कधी पाहिलं नव्हतं. त्या रात्री घरी येऊन जेवण गेलं नाही.

दोन्ही बाजूंचं गावावर प्रेम आहे, यात मला शंका नाही. पण मंडळाने पैसा आणावा, संस्थेने माहिती आणावी आणि ठरवावं ग्रामसभेने, असं माझं स्पष्ट मत आहे. रहाटीतून येणारा पऱ्या, म्हणजे ओढा, आमच्या खालच्या दोन वाड्यांना एप्रिलपर्यंत पाणी देतो. ते पाणी पिणाऱ्यांना न विचारता कुणीही ठरवू नये. तुमची मतं मांडा, विरोधी असली तरी.

लालबाग ते गाव

मी त्याच मंडळासारख्या एका मंडळाचा १९ वर्षं कार्यकर्ता आहे, म्हणून बोलतो. "परळला ठराव झाला" हे तुम्ही गुन्हा केल्यासारखं लिहिलंय. गावची शाळेची इमारत कुणी बांधली? एसटी गावापर्यंत यावी म्हणून अर्ज घेऊन कोण फिरलं? आमच्या आज्यांनी गिरणीत पाळ्या केल्या, मुंबईत गावाच्या सामायिक खोलीत वीस-वीस जण राहिले, आळीपाळीने झोपले आणि त्यातून महिन्याला रुपया-दोन रुपये गावासाठी बाजूला काढले. १९८२ च्या संपात घरात चूल पेटत नव्हती तेव्हाही शिमग्याची वर्गणी चुकली नाही. दामोदर नाट्यगृहात नमनाचे, नाटकांचे प्रयोग लावून, दारोदार तिकिटं विकून आम्ही पैसे उभे केलेत. देव आमचाही आहे. पोटासाठी बाहेर पडलो म्हणून आम्ही पाहुणे झालो का?

आणि तुमच्या गावात देवाला कौल लावला होता. उजवा मिळाला, म्हणजे देवाचा होकार. यावर आणखी कुणाची परवानगी हवी?

माहेरवाशीण

कौल लावला तेव्हा मी तिथे होते, असंच माहेरी आले होते. गाऱ्हाणं घालताना विचारलं होतं, "देऊळ नवं बांधायला तुझी मर्जी आहे का?" झाडांचा शब्द निघाला नव्हता. तांदळाचे दाणे लावले गेले ते देवळासाठी. रहाटीत कुऱ्हाड चालवायची का, हे त्या पाषाणाला कुणी विचारलेलंच नाही. आमच्या लहानपणी रहाटीतली वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही, पडलेलं झाड होळीला किंवा देवळाच्या कामालाच, तेही कौल घेऊन. म्हणजे देवाचं नाव घ्यायचं तर पूर्ण घ्या.

दुसरं. वरच्या सगळ्या लिखाणात बाई कुठे आहे? मंडळाच्या कमिटीत बाई नाही, मानकऱ्यांत नाही. पऱ्या आटला तर कळशी घेऊन वर चढणारी बाईच ना?

दुर्बीण

मी अशाच एका निसर्ग संस्थेत काम करतो. तुमच्या गावच्या नाही, शेजारच्या तालुक्यातल्या. बैठक घ्यायला हवी होती, हे मान्य. पण मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे आणि तो मी मोकळेपणाने मांडतो.

"ग्रामसभेने ठरवावं" हे ऐकायला बरं वाटतं. ग्रामसभेने तोडायचं ठरवलं तर? रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं, बाकी सगळी मालकीची जमीन. डोंगरच्या डोंगर लाकूडतोडीला विकले गेले, मूळ मालकांनीच विकले. कोणत्याही ग्रामसभेने अडवले नाहीत. जुनं जंगल जे टिकलं ते बरंचसं देवरहाट्यांत. एका रहाटीत मी बेहडा मोजला आहे, आम्ही तिघांनी हात पसरून धरले तेव्हा कुठे त्याला वेढा पडला. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची जोडी विणीला येते. मादी आत बसते, ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट राहते आणि नर आठवडेच्या आठवडे फळं आणून भरवतो. एवढी ढोली व्हायला झाडाचं वय किती लागतं, विचार करा. हे झाड एका हंगामाच्या बहुमताने जावं का? गारंबीचा वेल चार झाडांवरून गेलेला असतो, एक झाड पाडलं की चारही उघडी पडतात.

अर्ज केला नसता तर आज तिथे बुंधे दिसले असते. उशीर झाल्यावर चर्चा करून झाड उभं राहत नाही.

पऱ्याकाठी

दुर्बीण, अर्जामुळे झाडं वाचली, हे मी नाकारत नाही. पण अर्जाने किती वर्षं वाचतील? संस्था जिल्ह्याच्या गावी परत जाते, रहाटीच्या कुशीत राहतो आम्ही. रात्रीत चार झाडांच्या बुंध्याची साल सोलली, तर कोण पाहणार? ज्या गावाला अपमान झाल्यासारखं वाटतं ते गाव राखण करत नाही.

सत्तरच्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक देवराया, म्हणजे अशाच देवरहाट्या, शोधत सह्याद्रीत फिरत होते, तेव्हा श्रीवर्धनजवळच्या गाणी गावच्या लोकांनीच त्यांच्याकडे धाव घेतली होती, आमची राई तोडायला निघालेत, वाचवायला मदत करा म्हणून. लोकांचं म्हणणं साधं होतं, राई गेली तर आमचा ओढा जाईल. तिथे हाक गावाने मारली आणि अभ्यासक आले. आमच्याकडे हाक मारायची संधीच दिली नाही.

मंडणगडचा

वेळास आमच्या तालुक्यातलं, तिथलं उदाहरण देतो. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रची माणसं किनाऱ्यावर आली तेव्हा कासवाची अंडी खाल्ली जात होती, विकली जात होती. त्यांनी तक्रारीचा मार्ग धरला असता तर दोन-चार पोरांवर केस झाली असती आणि अंडी रात्री अजून लपून गेली असती. त्यांनी वाळूत फिरणाऱ्या पोरांनाच हाताशी धरलं. पहाटे मादीचा माग काढायचा, घरटं उकरून अंडी कुंपणातल्या उबवणीत हलवायची, ५० दिवसांच्या आसपास पिल्लं निघाली की टोपलीतून नेऊन लाटेच्या अलीकडे सोडायची. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, लोक घरी उतरायला लागले, बायकांच्या हातच्या मोदकांना आणि कुळथाच्या पिठल्याला पैसे मिळायला लागले. आता अंडी चोरायची कुणाची छाती होत नाही, कारण शेजारीच विचारेल.

संस्था बाहेरचीच होती. पण ती वाळूत बसली.

लालबाग ते गाव

कासव दाखवून घरगुती राहणीचे पैसे मिळतात. आमच्या रहाटीत पर्यटक आणायचे आहेत का? तिथे चपला घालून कुणी जात नाही.

सुताराचा नातू

माझ्या आजोबांनी तीन देवळांचं लाकूडकाम केलं. किंजळीचा खांब पाऊस-वाऱ्यात दोन पिढ्या सहज जातो, खाली चिऱ्याचं जोतं उंच असलं आणि कौलं वेळेवर शाकारली तर त्याहून जास्त. गावोगावी जुनं देऊळ "मोडकळीला आलं" म्हणतात तेव्हा बहुतेक ठिकाणी खराब झालेले असतात वासे आणि रीप. खांब ठणठणीत असतात. ते काढून विकले जातात, शहरात हॉटेलांच्या दारात लागतात. स्लॅब टाकला की दहा पावसाळ्यांत गळायला लागतो, मग वर पत्रा. कोकणात फिरून बघा, किती नव्या देवळांवर निळा पत्रा आहे.

जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण झालेल्याचा उद्धार. आधी एखादा जुना सुतार आणि इंजिनिअर एकत्र बोलावून खांबांना टोचून बघा. मंडळाचा पैसा वाया जाणार नाही, उरेल. आणि वाढीव मंडप हवाच असेल तर तो पूर्वेला, जुन्या सहाणेच्या अंगाला काढता येतो का, हे जागेवर मोजल्याशिवाय ११ झाडांचा आकडा आला कुठून?

गडचिरोलीहून

मी धानोरा तालुक्यातला. मेंढा (लेखा) हे गाव आमच्यापासून लांब नाही. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावी आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांना माहीत आहे, २००९ साली जवळपास १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला हेही. पण तिथे ग्रामसभेच्या आधी अभ्यासगट असतो, ते फारसं कुणी सांगत नाही. बाहेरचा जाणकार येतो, गावकऱ्यांसोबत बसतो, आठवडे-महिने एकाच विषयाचा कीस पाडतो. अभ्यासगट ठराव करत नाही. ठरवते ग्रामसभा, तीही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलला जातो. वेळ लागतो. पण नंतर पालखीपासून लांब कुणी उभं राहत नाही.

दुर्बीण, बहुमताची भीती तुम्ही घातलीत ती खरी आहे. सर्वसहमतीत ती भीती राहत नाही, कारण बेहड्याच्या बाजूने एक म्हातारी उभी राहिली तरी कुऱ्हाड थांबते.

दुर्बीण

मेंढ्यात वनहक्क कायद्याचा आधार होता, आणि चाळीस वर्षांची मेहनत. कोकणातल्या ग्रामसभा मी पाहतो. १५ टक्के किंवा १०० मतदार, यात जी संख्या कमी तेवढी गणपूर्ती लागते. तेवढीही माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, मग तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते आणि दहा-बारा जण ठराव करून मोकळे होतात. याला गाव म्हणायचं?

जैवविविधता कायदा २००२ चा. प्रत्येक पंचायतीत समिती, लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून राज्यांना दंडाची तंबी दिली तेव्हा नोंदवह्या झाल्या. कशा झाल्या तेही मी एका गावात पाहिलं. ठेकेदाराचा माणूस दोन दिवसांत लिहून गेला. रहाटीचं नाव त्यात नव्हतं.

माहेरवाशीण

मग ती नोंदवही नव्याने लिहा ना. तुम्हाला झाडं ओळखता येतात, आमच्या आयांना त्यांचे उपयोग माहीत आहेत. कुठल्या झाडाची साल बाळंतिणीला, कुठल्या वेलाचं पाणी, सुरंगी कधी फुलते, पऱ्याचं उगमाचं ठिकाण कुठलं. एक सकाळ पुरे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे, ती कागदावर सह्या घेऊन उरकतात. ती खरोखर घ्या, रहाटीच्या कडेला घ्या.

आणि सातबारा कुणी पाहिलाय का? कितीतरी रहाट्यांच्या उताऱ्यावर "महाराष्ट्र शासन" लागलेलं असतं. किंजळ, आंबा, फणस, ऐन, जांभूळ ही तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतली झाडं. लाकूड विकून पैसे येणार, हा हिशेब कोणत्या कागदावर केला?

लालबाग ते गाव

सातबाऱ्याचं मला ठाऊक नव्हतं. आमच्या मंडळातही असाच एक जीर्णोद्धार चालू आहे आणि तोही कुणी पाहिला नसणार. हे मी आमच्या सचिवांना विचारतो.

पण एक मनातलं सांगतो. आम्ही वर्षातून दोनदा गावी येतो. आलो की घर कुलूपबंद, शेत पडीक, भावकी म्हणते तुम्ही काय मुंबईवाले. देऊळ हे एकच ठिकाण आहे जिथे आमचं नाव फळीवर राहील असं वाटतं. संगमरवरी पाटीवर वडिलांचं नाव लागावं, एवढ्यासाठी माझ्या मित्राने निवृत्तीच्या पैशातून ५१ हजार दिले. त्याला तुम्ही पर्यावरणाचा शत्रू ठरवता तेव्हा फार लागतं.

पऱ्याकाठी

दादा, हे वाचून मीच चुकलो असं वाटलं. तुमच्या मित्रासारखीच माणसं आमच्या मंडळात आहेत आणि त्यांना मी मनातल्या मनात परकं करून टाकलं होतं. माझा चुलता त्यातलाच. त्याला फोन केला नाही, तो सणाला येईल तेव्हा बोलू म्हणून बसलो. काल केला.

१ मेच्या ग्रामसभेत विषय घ्यायचं सरपंचांनी कबूल केलं आहे. तेव्हा मुंबईकर सुट्टीला गावातच असतात. त्याआधी महिलांची सभा रहाटीच्या कडेला. संस्थेलाही बोलावलंय, झाडांची यादी घेऊन यायला सांगितलंय. सुताराचा नातू, तुम्ही देवरुखच्या अंगाला असाल तर खांब बघायला याल का? जाण्या-येण्याचा खर्च आम्ही करू.

सुताराचा नातू

येतो. खर्च नको. टोच्या आणि ओळंबा आणतो.

लालबाग ते गाव

मीही येतो, मंडपाचे आराखडे कसे बसवतात ते मला माहीत आहे, मापं घेईन. पार्किंग रहाटीबाहेर, शाळेच्या पटांगणात होऊ शकतं. सभामंडप मात्र लहान करायला माझं मन तयार नाही, पाऊस लागला की पालखीपुढे म्हाताऱ्या माणसांना उभं राहायला जागा हवी. बेहड्याचंही मला अजून पटलेलं नाही.

दुर्बीण

न पटू दे. एकदा खाली उभे राहून बघा. फक्त तुमच्या बेहड्यालाही ढोली असेल तर एवढं करा, एप्रिल-मेमध्ये पिल्लं आत असतात, नर दिवसातून अनेकदा येतो. मापं झाडापासून लांबून घ्या, लाउडस्पीकर लावू नका. मी सकाळी साडेसहाला तिथे असेन.